हात सोडा

पेशंट दारातून आत येतो तेव्हा त्याच्या हातातला कागद मी नंतर बघते. आधी बघते, त्याने काय धरलंय. खांदा निखळलेला माणूस दुसऱ्या हाताने कोपर खालून उचलून धरतो आणि दुखऱ्या बाजूला झुकून चालतो. गळ्याजवळचं हाड मोडलेलं पोर मान त्या बाजूला कलती ठेवतं. बरगडीला मार लागलेला माणूस तळहात छातीवर दाबून अर्धा अर्धा श्वास घेत येतो. मनगट मोडलेल्या बायका तो हात पदरात घेऊन येतात, तान्हं मूल आणावं तसा. डॉक्टरांनी कागदावर काय लिहिलं असेल ते बहुतेक वेळा मला दारातच कळलेलं असतं.

आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, सावरणं. घसरलेला पदर सावरतात, तोल सावरतात आणि घरातलं माणूस गेल्यावर काही महिन्यांनी सावरतातही. मोडलेला हात दुसऱ्या हाताने सावरून धरणारं माणूस समोर उभं राहिलं की हे सगळं सावरणं एकच आहे असं मला वाटतं. मोडणं आणि न पडणं, दोन्ही त्या एका उभं राहण्यात दिसतं.

आणि माझं काम असं, की तो टेबलापाशी आला की मी त्याला पहिली गोष्ट सांगते ती ही, की हात सोडा.

धरलेला हात सोडल्याशिवाय फोटो निघत नाही. दुसऱ्या हाताची हाडं मध्ये आली तर मोडलेली जागा झाकली जाते. म्हणून सोडायला सांगावंच लागतं. त्या क्षणी माणूस माझ्याकडे ज्या नजरेने बघतो त्या नजरेची सवय मला पंचवीस वर्षांत झालेली नाही. इतका वेळ त्याने जे एकट्याने जपून आणलं, कारखान्यापासून रिक्षाने, खड्ड्यांतून, जिन्यावरून, ते मी त्याला टाकून द्यायला सांगत असते.

भाईंदरला हे बहुतेकदा हिंदीत सांगावं लागतं. पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे छोटे कारखाने गाळ्यागाळ्यांतून आहेत. पत्र्याची गोल चकती, तिला कारखान्यात सर्कल म्हणतात, पॉवर प्रेसखाली सरकवायची. वरून डाय येते आणि चकतीची वाटी होते. पुढच्या गाळ्यात बफिंग, म्हणजे भांड्याला चकाकी आणायचं काम. तिथली माणसं छातीच्या फोटोसाठी येतात, प्रेसवरची माणसं हाताच्या.

गेल्या पावसाळ्यात तिथूनच एक मुलगा आला. वय १९. उजवा हात ड्रेसिंगमध्ये, त्यावर टॉवेल, टॉवेलवर पावसासाठी प्लास्टिकची पिशवी. डाव्या हाताने त्याने उजवं मनगट इतकं घट्ट आवळलं होतं की डाव्याचीच नखं पांढरी पडली होती. बरोबर कारखान्यातला एक मोठा माणूस होता, तो बाहेर बाकावर बसला. मी पिशवी काढली, टॉवेल काढला. मुलगा ड्रेसिंगकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "मॅडम, उँगली अंदर है ना?"

मी म्हटलं, "पहले फोटो निकालते हैं. वो हाथ छोडो."

त्याने सोडला नाही. मी त्याच्या डाव्या हाताचं एकेक बोट उलगडून बाजूला केलं. त्या मुलाबद्दल पुढे सांगते.

आम्ही १९८७ साली लालबागहून भाईंदरला आलो. बाबा गिरणीत साळखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा ते ३८ वर्षांचे होते. अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा तो संप कसा विरत गेला हे पुष्कळांनी लिहिलं आहे. आमच्या घरात तो असा संपला, की एक दिवस खोली विकली आणि आम्ही खाडीच्या अलीकडच्या या गावी आलो. तेव्हा इथली नगरपालिका होऊन दोन वर्षं झाली होती, महानगरपालिका व्हायला अजून पंधरा वर्षं होती. मीरा रोड सोडलं की गाडीच्या खिडकीतून मिठागरं दिसायची, आणि त्यांत मिठाचे पांढरे ढीग. बाबांना एका स्टीलच्या कारखान्यात गेटवर नोकरी मिळाली. माग चालवणारा माणूस गेटवर नुसता बसायचा. त्यांच्या बसण्यात एक अवघडलेपणा होता. हातांना काय करावं ते कळत नसल्यासारखे ते एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरून बसायचे. मी ते रोज बघत होते, पण ते मला दिसलं पुष्कळ नंतर.

१९९९ साली मी एका खासगी एक्स-रे सेंटरमध्ये लागले तेव्हा सगळं काम डार्करूममधलं होतं. लाल दिवा, डेव्हलपरची टाकी, पाण्याची टाकी, फिक्सरची टाकी. फिल्म हँगरला लावून बुडवायची आणि मिनिटं मोजायची. त्या आंबट वासात हळूहळू हाड उमटायचं. हे उमटणं बघितलेल्या माणसाला संगणकाच्या पडद्यावर एका झटक्यात येणारं चित्र नेहमी थोडं उपरं वाटतं. ओली फिल्म हातात धरून मी डॉक्टरांच्या खोलीत जायची आणि ते ती व्ह्यू बॉक्सवर लावून बघायचे.

त्यांनी मला पहिल्या आठवड्यात जे शिकवलं ते अजून माझ्या कामाचा पाया आहे. एका बाजूने घेतलेल्या फोटोवर विश्वास ठेवायचा नाही. समोरून एक घ्यायचा, मग काटकोनात बाजूने दुसरा. समोरून सरळ दिसणारं हाड बाजूने बघितलं तर अंगठाभर सरकलेलं असतं. जिथे बाजूने घेऊन उपयोग नाही, उदाहरणार्थ तळहात, तिथे तिरका घ्यायचा. पण दोन हवेत. एक फिल्म म्हणजे अर्धं खरं.

त्याच व्ह्यू बॉक्सशेजारी भिंतीला मासिकातून कापलेलं एक चित्र सेलोटेपने चिकटवलेलं होतं. लोकलच्या डब्यातली माणसं. खाली छापलं होतं, सुधीर पटवर्धन, 'ट्रेन', १९८०. मी विचारलं, हे कोण? डॉक्टर म्हणाले, आपल्यातलेच. रेडिऑलॉजिस्ट आहेत, ठाण्याला.

मला ते खरं वाटायला वेळ लागला. चित्रकार म्हणजे जे. जे.मध्ये शिकलेला, झोळी घेतलेला, असं माझ्या डोक्यात होतं. पटवर्धनांचा जन्म १९४९ चा, पुण्याचा. शिक्षण पुण्यातच, सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात. १९७२ ला ते डॉक्टर झाले, पुढच्या वर्षी मुंबईला आले. चित्रकला कुठल्या शाळेत शिकले नाहीत, स्वतःच शिकले. १९७५ पासून २००५ पर्यंत, म्हणजे तीस वर्षं, ठाण्यात रेडिऑलॉजीची प्रॅक्टिस आणि उरलेल्या वेळात चित्रं. 'इराणी रेस्टॉरंट' आणि 'रनिंग वुमन' ही १९७७ ची. १९७९ ला दिल्लीत इब्राहिम अल्काझींच्या आर्ट हेरिटेजमध्ये पहिलं एकल प्रदर्शन. १९८१ ला 'प्लेस फॉर पीपल' नावाचं प्रदर्शन मुंबईत आणि दिल्लीत झालं. त्यात भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी यांच्याबरोबर ते होते. अमूर्त चित्रांचा दबदबा असलेल्या काळात या सहा जणांनी माणसाला आणि त्याच्या भोवतालाला चित्रात पुन्हा जागा दिली, असं त्या प्रदर्शनाबद्दल म्हटलं जातं. हे सगळं मी नंतर, वेळ मिळेल तसं वाचत गेले. तेव्हा मला फक्त एवढंच कळलं, की जो माणूस दिवसभर माझ्यासारखाच फिल्मसमोर बसतो तो घरी गेल्यावर लोकलचा डबा रंगवतो.

आणि खरं सांगायचं तर ते चित्र मला आवडलं नव्हतं. मी रोज ज्या डब्यातून येते त्यातली माणसं मी भिंतीवर कशाला बघू? ती सुंदरही नव्हती. जाड मान, जड हात, उतरलेले खांदे. कोणी हसत नव्हतं. आमच्या घरातल्या कॅलेंडरवर जंगल आणि धबधबा होता, आणि चित्र म्हणजे तसं, दमून घरी आल्यावर डोळ्यांना गारवा देणारं, असं माझं मत होतं.

ते मत बदललं नाही, ते माझ्याकडून आपोआप निसटलं. रोज फिल्म सुकेपर्यंत मी त्या चित्रासमोर उभी असायची. फिल्ममधल्या माणसाला वय असतं, पण वजन नसतं. तो कुठे उभा होता, त्याने काय उचललं होतं, तो कशाची वाट बघत होता, यातलं काही फिल्मवर येत नाही. कातडी, कपडे, घाम, डोळ्यांतला कंटाळा, सगळं किरण ओलांडून जातात आणि जे उरतं ते हाड. मला वाटायचं, या माणसाने आयुष्याची तीस वर्षं किरणांनी मागे टाकलेल्या गोष्टी परत गोळा केल्या. त्यांनी हाडं का रंगवली नाहीत, असं एकदा कोणीतरी मला विचारलं. मला तो प्रश्नच पडला नव्हता. दिवसभर हाडं बघणाऱ्याला संध्याकाळी माणूस हवा असतो, अख्खा.

मुंबई सेंट्रलला दवाखाना चालवणारे, २०२३ च्या नोव्हेंबरात गेलेले कवी आणि चित्रकार गीव्ह पटेल, तेही असेच डॉक्टर-चित्रकार. त्यांच्या 'क्रश्ड हेड', 'ड्राऊन्ड वुमन' या चित्रांत शरीरावरचा आघात थेट समोर येतो. डॉक्टर जे बघतो ते डोळा न वळवता दाखवलेलं. त्या चित्रांपुढे मी फार वेळ उभी राहू शकत नाही, ती माझी मर्यादा. पटवर्धनांची माणसं बहुतेकदा आघाताच्या अलीकडची किंवा पलीकडची असतात. 'ॲक्सिडेंट ऑन मे डे' हे १९८१ चं चित्र अपवाद, आणि १९९२-९३ च्या दंगलींनंतरचं 'रायट'. पण एरवी ती उभी असतात, वाट बघत असतात, पूल ओलांडत असतात, घरी जात असतात. ती मोडलेली आहेत का, ते सांगता येत नाही. ती कशीबशी तोल धरून आहेत हे मात्र दिसतं. पटवर्धन त्यांना हात सोडायला सांगत नाहीत. हे मला जेव्हा सुचलं तेव्हा माझ्या आणि त्यांच्या कामातलं अंतर मला पहिल्यांदा नीट दिसलं.

२००३ च्या जुलैमध्ये बाबा रेल्वे पुलाच्या जिन्यावर घसरले आणि उजव्या हातावर पडले. पडताना आपण हात पुढे करतो, सगळा भार तळव्यावर येतो आणि मनगटाच्या वरचं हाड मोडतं. १८१४ साली अब्राहम कॉलिस नावाच्या आयरिश शल्यवैद्याने या मोडण्याचं वर्णन लिहिलं, म्हणून त्याला कॉलिस फ्रॅक्चर म्हणतात. आश्चर्य असं, की तेव्हा क्ष-किरण नव्हतेच. ते १८९५ च्या नोव्हेंबरात राँटगेनला सापडले. कॉलिसने हे सगळं बाहेरून, बोटांनी चाचपून आणि नुसतं बघून ओळखलं होतं.

बाबांना सेंटरवर आणलं तेव्हा ड्यूटीवर मीच होते. त्यांचा हात मी कॅसेटवर ठेवला. म्हटलं, "बाबा, तो हात सोडा." त्यांनी सोडला. मी आडोशामागे जाऊन बटण दाबलं. फिल्म धुतली तर हाडावर हाड होतं. माझी पाठ वळल्याबरोबर त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट पुन्हा धरलं होतं. मोडलेल्या हाडाच्या रेषेवर दुसऱ्या हाताची चार बोटं आडवी, आणि त्यांतल्या एका बोटावर पोवळ्याच्या अंगठीचं पांढरंशुभ्र कडं. राँटगेनने डिसेंबर १८९५ मध्ये बायकोच्या हाताचा जो फोटो काढला त्यातही बोटावर अशीच अंगठी आहे. तो फोटो आमच्या पुस्तकाच्या पहिल्या धड्यात होता.

कामाच्या हिशेबाने ती वाया गेलेली फिल्म. मी दुसरी काढली, ती नीट आली, हाड बसवून प्लास्टर घातलं. डॉक्टरांनी पहिली फिल्म व्ह्यू बॉक्सवर लावली, बराच वेळ बघितली आणि मला म्हणाले, "ही टाकू नकोस." ती मी घरी आणली. एक्स-रेच्या फिल्मा जिथे सगळीकडे ठेवतात तिथेच, गादीखाली, ती कित्येक वर्षं होती. आता कपाटात आहे.

त्या रात्री मला गेटवर बसलेले बाबा आठवले. मनगट धरून बसणं हे मोडल्यानंतरचं नव्हतं. ते १९८२ पासूनचं होतं.

२०१९ च्या अखेरीस फोर्टच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात पटवर्धनांचं मोठं सिंहावलोकन भरलं, 'वॉकिंग थ्रू सोल सिटी'. क्युरेटर होत्या नॅन्सी अदजानिया. सत्तरच्या दशकापासूनचं काम एकत्र होतं. पटवर्धन ठाण्याचे, आणि भाईंदरहून ठाण्याला जायचं तर घोडबंदर रस्त्याने बस, नाहीतर रेल्वेने दादरला जाऊन उलटं यायचं. एकाच जिल्ह्यातली ही दोन गावं इतकी आडवळणाने जोडलेली आहेत. त्यामुळे वीस वर्षं ज्यांच्या चित्राशेजारी मी काम केलं त्यांचं मूळ चित्र मी एकदाही बघितलं नव्हतं. जानेवारी २०२० मध्ये एका रविवारी मी बाबांना घेऊन चर्चगेटची गाडी धरली. ते ७६ वर्षांचे होते.

ती इमारत म्हणजे जुना कावसजी जहांगीर हॉल. आत अर्धगोल मजले एकावर एक चढत घुमटापर्यंत जातात. बाबा प्रत्येक मजल्यावर थांबत होते, कठडा धरत होते, पुन्हा चढत होते. मला वाटलं होतं ते कंटाळतील. ते चित्रांच्या इतके जवळ जाऊन उभे राहायचे की पहारेकऱ्याला दोनदा मागे व्हा म्हणावं लागलं. ते चित्र बघतच नव्हते, ते पत्ता शोधत होते. "हा पूल कुठला?" "ही चाळ आपल्याकडची नाही, हिचा जिना बाहेरून आहे." "इथून स्टेशन डाव्या हाताला पाहिजे." शहराच्या मोठ्या चित्रांत पटवर्धन एकाच ठिकाणी उभे राहून बघत नाहीत, रस्ता वरून दिसतो, घर समोरून, पलीकडचा डोंगर आणखी कुठून तरी. समीक्षक याची नाळ युरोपातल्या आणि आपल्याकडच्या जुन्या चित्रांशी जोडतात, ते बरोबरच असेल. मला मात्र डॉक्टरांनी पहिल्या आठवड्यात सांगितलेलं आठवलं. एका बाजूवर विश्वास ठेवायचा नाही. बाबांना पत्ता सापडत नव्हता तो यामुळेच. चित्रातला रस्ता कागदावरचा नव्हता, चालणाऱ्याच्या अंगात मुरलेला होता, आणि तसे अनेक चालणारे त्यात एकत्र होते.

मग मजल्याच्या कडेला ते एका चित्रातल्या माणसासमोर थांबले आणि काहीच बोलले नाहीत. कुठलं चित्र ते मी मुद्दाम लिहून घेतलं नाही. मी त्यांच्या मागे उभी होते. त्यांचे हात पाठीमागे होते, डाव्या हाताने उजवं मनगट धरलेलं. थोड्या वेळाने म्हणाले, "हा आपल्यातला आहे. याला काम नाहीये." मी विचारलं, "कशावरून?" म्हणाले, "उभा बघ कसा राहिलाय."

ज्यांच्यावरून ही चित्रं आली त्या माणसांना त्यांत स्वतःचं रूप बघता यावं, असं पटवर्धनांनी फार पूर्वी म्हणून ठेवलेलं आहे. ती गोष्ट त्यांनी कॅनव्हासपुरती ठेवली नाही. २००८-०९ मध्ये आधुनिक भारतीय चित्रांचं एक फिरतं प्रदर्शन त्यांनी निवडून मांडलं आणि ते महाराष्ट्रातल्या शहरांतून फिरलं, ज्यांच्या वाट्याला चांगलं मूळ चित्र सहसा येत नाही अशा ठिकाणी. मीरा-भाईंदरची लोकसंख्या २०११ च्या शिरगणतीत आठ लाखांवर होती. एवढ्या माणसांत किती जणांनी एखाद्या मोठ्या चित्रकाराचं मूळ चित्र उभं राहून बघितलं असेल, या विचाराने मी अजून अस्वस्थ होते. आमची माणसं दोन तास गाडीत उभी राहतात; चित्रासमोर दहा मिनिटं त्यांना नक्की उभं राहता येईल. चित्र त्यांच्यापर्यंत यायला पाहिजे.

परतीच्या गाडीत बाबांना जागा मिळाली. बोरिवलीनंतर ते झोपले.

दोन महिन्यांत गाड्याच बंद झाल्या. २०२० आणि २१ बद्दल मी फार लिहिणार नाही, ज्यांनी ते बघितलं त्यांना सांगायला नको. आमच्याकडे फक्त छातीचे फोटो होते, रांगेने. छातीच्या फोटोला आम्ही वर्षानुवर्षं एकच वाक्य म्हणतो. श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. दिवसातून साठ वेळा म्हटल्यामुळे त्या वाक्याला अर्थ उरलेला नसतो. त्या दिवसांत तो परत आला. धरून ठेवा म्हटलं की माणसाला धरता यायचं नाही. मी प्लास्टिकच्या पोशाखात आतून ओरडायचे आणि काचेच्या पलीकडे ते प्रयत्न करायचे. उत्तनची एक कोळीण होती, साठीची. आयुष्यभर डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर माशांची पाटी. मान ताठ, खांदे मागे. फोटोसाठी खांदे पुढे वळवायला लागतात, ते तिच्याच्याने वळेनात. मी तिला हाताने वळवलं. तिने माझा हातमोजा घातलेला हात धरला आणि सोडला नाही. मी तिला सोडा म्हटलं नाही. शिशाचा एप्रन अंगावर होताच, दुसऱ्या मुलीला बटण दाबायला सांगितलं आणि मी तिथेच उभी राहिले. नियमाने चौकटीत टेक्निशियनचा हात येऊ नये. आला नाही, मी काळजी घेतली. पण धरलेला राहिला.

त्यानंतर मी कामाची पद्धत थोडी बदलली, आणि इतर काही नाही तरी एवढं मी नव्याने येणाऱ्या मुलींना शिकवते. पेशंट टेबलाशी आला की लगेच हात सोडा म्हणायचं नाही. आधी आपला हात त्याच्या धरलेल्या हाताखाली न्यायचा. भार आपल्यावर घ्यायचा. आपला हात आला आहे हे त्याला कळू द्यायचं. मग त्याचा हात आपोआप सुटतो. यात पंधरा-वीस सेकंद जास्त जातात. बाहेर रांग असते, कोणीतरी दार वाजवत असतं. तरीही पंधरा-वीस सेकंद.

तो प्रेसवरचा मुलगा आला त्या दिवशी मी हे विसरले होते. तेच मला लागून राहिलं. ड्रेसिंगमधला हात बघून मीही घाबरले होते, आणि घाबरलं की माणूस जुन्या पद्धतीवर जातो. मी त्याची बोटं उलगडली. फोटो काढले, एक सरळ, एक तिरका. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींची शेवटची पेरं नव्हती. त्याला ते मी सांगायचं नसतं, रिपोर्ट डॉक्टरांचा असतो. पडदा त्याच्या बाजूने वळलेला नव्हता, पण त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पुन्हा काही विचारलं नाही. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि बाकावर जाऊन बसला.

दोन महिन्यांनी तो परत आला, तपासणीच्या फोटोसाठी. एकटाच. टॉवेल नव्हता, पिशवी नव्हती, धरलेलं काही नव्हतं. मी काही म्हणायच्या आत त्याने हात प्लेटवर ठेवला, बोटं पसरली, तळवा मधोमध, जसा ठेवायचा असतो तसा. पहिल्या वेळचं त्याच्या लक्षात होतं. मी दोन फोटो काढले. जखम भरली होती, हाडाची टोकं गोल होऊ लागली होती.

"देख सकता हूँ?"

मी पडदा त्याच्याकडे वळवला. तो जवळ आला. स्वतःचा हात वर करून पडद्यावरच्या हाताशेजारी धरला, बराच वेळ दोन्हींकडे बघितलं, बोट बोटाला लावून मोजल्यासारखं. मग विचारलं, फोटो काढू का, गावी आईला पाठवायचा आहे. मी हो म्हटलं. त्याने डाव्या हाताने खिशातून फोन काढला. त्याचा डावा हात थोडा थरथरत होता. फोन हलू नये म्हणून त्याने उजवा हात खालून लावला आणि उरलेल्या बोटांनी तो सावरून धरला.